रेतीच्या पासांचा घोळ: कागद पत्रकाराकडे न्यायचे कसे?

खाडीकाठचा:
रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीवर परवाना हातपाटीचा (हाताने रेती काढण्याचा) आहे, पण रात्री सक्शन पंप चालतात. एकाच वाहतूक पासावर डंपरच्या दोन-तीन खेपा जातात. धक्क्यावरच्या वहीच्या ४० पानांचे मोबाईल फोटो आणि काही व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहेत. वही तिघांच्याच हाताखालून जाते. हे शोधपत्रकाराकडे द्यायचं आहे. तालुक्याचा वार्ताहर ओळखीचा आहे, त्याच्यामार्फत जमेल का?

तारकर्लीकर:
वार्ताहराक सांगू नको. सांजेपर्यंत गोष्ट धक्क्यार पोचतली. तो वायट म्हणान नाय, पण जाहिरातींचो कोटो त्याकाच भरूचो लागता, आणि साहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात देणारो तोच ठेकेदार.

शाईपेन:
तारकर्लीकरांशी सहमत, आणि यात वार्ताहराचाही जीव आहे. राजापुरात ६ फेब्रुवारी २०२३ ला पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. इथला पत्रकार रोज त्याच रस्त्याने घरी जातो. म्हणून जिल्ह्याबाहेरचा, खाण-पर्यावरणावर आधी कागदांनिशी लिहिलेला माणूस शोधा. त्याच्या दोन-तीन जुन्या बातम्या वाचा. 'सूत्रांकडून कळते' एवढ्यावरच भागवणारा असेल तर सोडून द्या.

पहिला निरोप आठ-दहा ओळींचा. काय चालतं, कुठे, कधीपासून, तुम्हाला कसं माहीत, कागद कोणत्या प्रकारचा. सोबत काहीही जोडू नका. 'सगळे विकले गेलेत' छापाची वाक्यं गाळा, अशी पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येतात. ठेकेदाराशी पगाराचा किंवा जमिनीचा वाद असेल तर तो आपणहून सांगा. समोरचा पक्ष तो काढणारच, आणि तेव्हा पत्रकार तोंडघशी पडतो.

नाव न छापण्याची अट बोलण्याआधी ठरते, नंतर नाही. 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणजे नाव नको, की मजकूरही नको, हे स्पष्ट विचारा. प्रत्येक पत्रकार त्याचा अर्थ वेगळा लावतो.

सिग्नल अ‍ॅप वापरा, पण तुमचा नंबर ज्यांच्याकडे साठवलेला आहे त्यांना तुम्ही तिथे आलात हे दिसू शकतं. खातं उघडतानाच नंबरावरून शोधण्याची सोय 'कोणीही नाही' वर ठेवा आणि पत्रकाराला फक्त युजरनेम द्या. ऑफिसचं वायफाय नको, ऑफिसने दिलेलं सिमही नको. टपालाने पाठवायचं तर साधं तिकीट लावून, आणि दुसऱ्या गावच्या पेटीतून. शिक्क्यावर पोस्टाचं नाव उमटतं.

आता मुख्य गोष्ट. वही तिघांकडेच असते, म्हणजे त्यातलं एक पान जरी छापलं तरी संशय तिघांवरच येणार. फोटोच्या कोपऱ्यातला अंगठा, टेबलाच्या काचेतलं प्रतिबिंब, चहाचा डाग, सगळं ओळखू येतं. तुमचा कागद छापण्यासाठी नाही, वाट दाखवण्यासाठी आहे. तेच सत्य पत्रकाराला दुसऱ्या दाराने मिळालं पाहिजे. पान छापायचं नाही हे आधीच कबूल करून घ्या. व्हॉइस मेसेजचंही तेच. ज्या ग्रुपवर पाच माणसं आहेत, तिथला आवाज बाहेर आला की पाचांची झडती होते.

ब्रासमोजणी:
ती दुसरी दारं कोणती, ते सांगतो.

वहीची सगळी ४० पानं देऊ नका. दोन-तीन गाड्या आणि एक आठवडा निवडून द्या. पासावर गाडीचा नंबर, ब्रास, निघायची वेळ आणि मुदत असते. गाडीचा प्रकार परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर तपासता येतो. डंपरच्या जागी दुचाकीचा नंबर निघाला तर तेवढ्यावरच बातमी उभी राहते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, कोरडी रेती साधारण साडेचार टन. लहान गाडीच्या नावावर सहा ब्रास लिहिलेले दिसले की थांबा, तिथे काहीतरी आहे. घाट चढून कोल्हापूरला खाली होऊन आलेली गाडी दोन तासांत परत धक्क्यावर लागूच शकत नाही. नोंदीत ती लागलेली असते.

सेंटिनेल-२ ची उपग्रहचित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एक. बारीक दिसत नाही, एक ठिपका १० मीटरचा. बोट ओळखू येणार नाही, पण किनाऱ्यावरचा रेतीचा ढीग वाढताना दिसतो. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हाती काही लागत नाही. आणि ढीग बघताना उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती) हे लक्षात घ्या. पाणी चढलं की ढिगाचा पाय बुडतो, आणि तो कमी झाल्यासारखा वाटतो. इथे नवखे फसतात.

माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही करू नका. पत्रकार करील. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. मागणी सहा महिन्यांची आणि तीन-चार धक्क्यांची करा. नेमक्या त्याच आठवड्याची मागितली तर पान कुठून फुटलं ते अर्जावरूनच कळतं. अर्ज गेल्याची खबर ठेकेदाराला लागते असंच धरून चाला, म्हणून उपग्रहचित्रं आणि गाड्यांची पडताळणी अर्जाच्या आधी.

कोर्टाचीपायरी:
कायद्याच्या भरवशावर राहू नका. जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा २०१४ चा कायदा मंजूर झाला पण लागूच केलेला नाही, आणि तो पत्रकाराकडे गेलेल्या माणसासाठी नाहीच. प्रेस कौन्सिलच्या कायद्यात कलम १५(२) नुसार स्रोत सांगण्याची सक्ती नाही, पण ही सूट कौन्सिलपुरती. कोर्टात पत्रकाराला असा पक्का अधिकार नाही.

मूळ वही उचलू नका, ती चोरी होईल. दुसऱ्याच्या पासवर्डने कॉम्प्युटरमधून काही काढू नका, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कामाच्या ओघात डोळ्यांखालून जातं तेवढंच.

खाडीकाठचा:
मग फोटो पत्रकाराला पाठवून मोबाईल फॉरमॅट करून टाकू का?

कोर्टाचीपायरी:
नको. उद्या कोर्टात फोटो टिकवायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश (फाईलवरून निघणारा ओळखीचा आकडा, फाईल जराही बदलली की तो बदलतो) लिहावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, तारीख-वेळ पुसली जाते आणि हॅश बदलते. मूळ फाईलच जपली पाहिजे.

शाईपेन:
पण तोच मोबाईल खिशात घेऊन धक्क्यावर फिरू नका. मूळ फाईली पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हवर घ्या, तिथे हॅश तपासून जुळवा, आणि पेनड्राइव्ह घराबाहेर, शक्यतो तालुक्याबाहेर ठेवा. मग मोबाईल बंद करून बाजूला ठेवा, विकू नका. पत्रकाराला मूळ फाईल द्या, पण त्यात मोबाईलचं मॉडेल आणि ठिकाण असू शकतं हे सांगून.

एक राहिलं. छापण्याआधी ठेकेदाराची आणि महसूल खात्याची बाजू विचारलीच जाते. त्या क्षणी धक्क्यावर 'कोणी फोडलं' सुरू होतं. तो दिवस आणि त्यात कोणते आकडे दाखवणार, हे आधी कळवायला सांगा. त्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर जा, रजा टाकू नका.