'व्हिनेगर जो'ला मराठीत काय म्हणावं?

बोरूबहाद्दर
दुसऱ्या महायुद्धावरचा लेख मराठीत करतोय आणि एका टोपणनावापाशी अडलोय. अमेरिकी जनरल जोसेफ स्टिलवेल, १९४२ ते ४४ चीनचा नेता चिआंग कै-शेक याचा चीफ ऑफ स्टाफ. त्याला 'व्हिनेगर जो' म्हणत. मी 'आंबट जो' लिहिलं. बायकोने वाचून विचारलं, "हा आंबटशौकीन होता का?"

चुकामेथी
वहिनी बरोबर आहेत. 'तिरसट' घ्या की सरळ.

बोरूबहाद्दर
मग बाटली कुठे गेली? अमेरिकेत फोर्ट बेनिंगच्या लष्करी तळावर असताना हाताखालच्या एकाने व्हिनेगरच्या बाटलीतून वर येणारा त्याचा चेहरा काढला होता. पठ्ठ्याने स्वतःच ते चित्र फलकावर लावलं.

गीर्वाण
व्हिनेगरला मराठीत शब्द नाही असं समजू नका. 'चुक्र'. आपला चुका त्यातूनच आला.

चुकामेथी
'चुक्र जो'! बाटलीतला राक्षस वाटतो हो. 'शिरका' काय वाईट आहे?

गीर्वाण
फारसी आहे.

चुकामेथी
'बाजू', 'जमीन'ही फारसीच. उद्यापासून बोलणं बंद करू का?

मांडवीकाठ
आमच्याकडे विनागर म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेला. माडाच्या सुरेचा विनागर घातल्याशिवाय आई विंदालूला हात लावत नसे. आंबट म्हणजे वाईट हे तुम्हा घाटावरच्यांचं.

जुना_बाड
आजी म्हणायची, 'एरंडेल प्यायल्यासारखं तोंड'. 'एरंडेल जो' करा. बाटलीही राहते, चेहराही.

बोरूबहाद्दर
हे जवळपास पटलं. आता दुसरं: डायरीत तो चिआंगला 'पीनट' म्हणायचा. 'शेंगदाणा' लिहिलं की उपासाची आमटी आठवते, तुच्छता येत नाही.

जुना_बाड
'चिंचोका'. पण एवढा राग कशाचा, ते आधी कळू दे. ब्रह्मदेशात चिनी फौजांचा सेनापती म्हणून गेला, आणि दू यूमिंगसारखे सेनानी चिआंगच्या थेट हुकमाशिवाय हलेनात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! चिआंगची बाजूही आहे: १९३७ पासून जपानशी लढून चांगल्या पलटणी संपत आल्या होत्या, उरलेल्या परक्याच्या हाती कशा देणार? शिवाय कम्युनिस्टांची धास्ती.

गीर्वाण
'सेनापती' म्हणू नये मग. 'नामधारी सेनानी'.

चुकामेथी
नामधारी कसला? भारतात रामगढला चिनी सैनिक तयार केले, ते घेऊन ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रह्मदेशातलं मिच्चिना शहर जिंकलं. सप्टेंबरात अमेरिकी अध्यक्ष रूझवेल्टचा खरमरीत निरोप स्वतः चिआंगच्या हातात दिला, आणि ऑक्टोबरात परत बोलावला गेला. 'खरमरीत' शब्द इथे अगदी चपखल बसतो, बघा.

बोरूबहाद्दर
आणि मे १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून पायी इंफाळला येऊन दिल्लीत पत्रकारांना म्हणाला, 'आम्ही सपाटून मार खाल्ला'. 'सपाटून' की 'बेदम'?

जुना_बाड
बेदम मार देतात. सपाटून खातात.

मांडवीकाठ
सपाटून जेवतातही.

गीर्वाण
जनरलच्या तोंडी 'मार खाल्ला'? 'दारुण पराभव झाला' लिहा.

चुकामेथी
अहो, बाकीचे 'माघार' म्हणत असताना हा 'मार' म्हणाला, म्हणून तर लक्षात राहिला!

बोरूबहाद्दर
लेख उद्या द्यायचाय. जोचं काय करू?

गीर्वाण
'चीफ ऑफ स्टाफ' तसंच ठेवलंय का तुम्ही?