डेव्हिड क्रॉफ्ट आणि जोडीदार

डेव्हिड क्रॉफ्ट हा ब्रिटिश टीव्हीवरच्या विनोदी मालिकांचा लेखक. तो कधी एकट्याने लिहीतच नसे, म्हणून त्याला मोठा लेखक म्हणता येणार नाही, असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. जिमी पेरीसोबत 'डॅड्स आर्मी' (1968 ते 77, 80 भाग), जेरेमी लॉइडसोबत 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?'. जोडीदार बदलले, तरी घडण तीच: माणसांचा एक घोळका, त्यातले मान-अपमान, आणि प्रत्येकाला आपली लकब. शिवाय निर्माता-दिग्दर्शकही तोच, त्यामुळे लिहितानाच नट डोळ्यांपुढे असत. तेच नट तो पुन्हा पुन्हा घेई.

आणखी एक मुद्दा म्हणजे पेरीसोबतच लिहिलेल्या 'इट एन्ट हाफ हॉट मम' (1974 ते 81) या लष्करी करमणूक पथकावरच्या मालिकेची सुरुवात आपल्या देवळालीत होते. पेरी स्वतः तिथल्या लष्करी करमणूक पथकात होता. मात्र त्यातलं रंगी राम या भारतीय पात्राचं काम गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून केलं होतं, ते मला आजही खटकतं.

क्रॉफ्टची एक गोष्ट मात्र आम्ही सोलापुरात उचलली. त्याच्या मालिकांच्या शेवटी 'तुम्ही पाहत होता...' म्हणत एकेक नट नावासह दिसतो. आमच्या गल्लीच्या गणपतीत प्रहसन संपल्यावर आम्ही तसंच केलं. एका ओळीची भूमिका केलेल्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या काकांचं नाव पुकारलं, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या. पुढच्या वर्षी ते तालमीला सगळ्यांच्या आधी हजर.