मदत हवी आहे: रासायनिक अस्त्रांपासून बचाव, पीएचडीसाठी कोणती शाखा?

नमस्कार मंडळी. रसायनशास्त्रात एमएस्सी करतेय, शेवटचं वर्ष. पुढे रासायनिक अस्त्रांपासून संरक्षण या विषयात संशोधन करायचंय. (अस्त्रं बनवायची नाहीत, घरच्यांना अजून तेच वाटतंय!)

१९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या क्लोरीन हल्ल्यानंतर सैनिकांना द्रावणात भिजवलेले कापसाचे बोळे दिले होते. आता मास्कच्या गाळणीत सक्रिय कोळसा (वायू धरून ठेवणारा, खूप सच्छिद्र केलेला कोळसा) असतो. पण हायड्रोजन सायनाइडसारखा हलका वायू नुसत्या कोळशावर नीट धरला जात नाही, म्हणून त्यावर तांब्यासारख्या धातूंची संयुगं चढवतात. मला नेमकं हेच शिकायचंय, शिवाय दमट हवेत गाळणीची क्षमता का घटते तेही.

मग पृष्ठरसायन (पदार्थांच्या पृष्ठभागावरच्या क्रियांचा अभ्यास) घेऊ की मटेरियल सायन्स? विषशास्त्र कितपत लागतं? विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खऱ्या विषाऐवजी कमी घातक पर्यायी संयुगांवर काम केलं, तर ते निष्कर्ष ग्राह्य धरतात का? या क्षेत्रातल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.