समोर सात मजले उभे राहिले, तुळशीला लाईट कोणता लावू?

इंदिरानगरची_सून
आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. समोरच्या प्लॉटवर परवापर्यंत नुसत्या बाभळी होत्या, आता सात मजले झालेत. सकाळी नऊला गॅलरीत यायचं ते ऊन गेलं ते गेलंच. सासूबाईंच्या तुळशीची दोन पेरं पूर्वी बोटभर अंतरावर असायची, आता चार बोटं. शेंडा उजेडाकडे मान वाकडी करून.

'१००० वॅट' लिहिलेला जांभळा दिवा ऑनलाईन मागवला. मुलाने वॅटमीटर लावून पाहिलं, तर २२ वॅट! पंख्याच्या हुकाला टांगून महिना झाला, तुळस ढिम्म. शेजारच्या काकू मात्र विचारून गेल्या, "घरात डान्स बार काढलाय का?" पांढरा घेऊ की जांभळाच मोठा?

वीतभर
ताई, जांभळ्यावर झाड जगतं. तुमचं चुकलं ते अंतर. दिव्यापासून कुंडी तीन फूट असेल ना? एक फुटाच्या मानाने तिथे जेमतेम नवव्या हिश्श्याएवढा उजेड पोचतो. आणि जांभळ्यात पानं काळपट दिसतात, मावा पडला तरी कळत नाही.

साधी चार फुटी २० वॅटची एलईडी पट्टी घ्या, ६५०० केल्विनची, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाची. एक नाही, दोन, शेजारी शेजारी. शेंड्यापासून वीतभर वर, रोज १४ तास. महिन्याला १७ युनिट जळतील. खोक्यावर उजेडाचं माप ल्युमेनमध्ये लिहितात, ते आपल्या डोळ्यांच्या हिशोबाचं असतं. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, म्हणजे जांभळ्यापासून लालपर्यंतचा, सगळाच प्रकाश वापरतं. पण पांढऱ्याला पांढरा ताडून बघायला मोबाईलचं लक्स अ‍ॅप (जागेवर पडणारा उजेड मोजणारं) चालतं. पानाजवळ दहा हजार लक्स दिसले की तुळशीचं भागतं. भर दुपारच्या उन्हात लाखभर असतात, तेव्हा तेवढ्याची आशा नको.

दिंडोरीचा_मळेकरी
आमच्याकडे शेवंतीवर रात्री बल्ब लावतात, ते बघून लोक घरी तसलेच आणतात. तो उजेड खायला नसतो. शेवंतीला रात्र लहान वाटावी म्हणून असतो, म्हणजे कळी उशिरा धरते. पोट भरायचं तर उजेड कितीतरी पट लागतो. आणि पाणी कमी करा ताई, ऊन नाही तर कुंडी वाळत नाही, मुळं सडतात.

टायमरवाला
टायमर सॉकेट घ्याच. रात्री बंद. वायर कुंडीच्या खाली लोंबू देऊ नका, पाणी घालताना टपकतं.

इंदिरानगरची_सून
शालिमारच्या बाजारातून दोन पट्ट्या आणल्या. हुक रद्द, जुन्या साडीच्या स्टँडला सुतळीने बांधल्या, म्हणजे वरखाली करता येतात. अ‍ॅपवर साडेअकरा हजार. सासूबाई आधी म्हणाल्या, तुळशीला ट्यूबलाईट, काय दिवस आले! लांबलेले शेंडे खुडले. आज अठरावा दिवस: खुडलेल्या जागी दोन-दोन फुटवे आलेत, पेरं पुन्हा बोटभर. कुंडीतली मिरची मात्र अजून रुसलेलीच आहे. संध्याकाळी आता सासूबाई वाती वळायला तिथेच बसतात, म्हणे उजेड चांगला पडतो. जांभळा दिवा कुणाला हवा असेल तर सांगा, फुकट.