मदत हवी आहे : कॉलेजच्या ज्युनिअर्सचं मेंटॉरिंग, पोरं बोलतच नाहीत

नमस्कार मंडळी, ज्यांनी असं काही केलंय त्यांचा सल्ला हवाय. मी मेकॅनिकलची, मराठवाड्यातल्या एका कॉलेजातून पास आउट, सध्या चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी मिळून थर्ड इयरच्या पोरांसाठी मेंटॉरिंग सुरू केलं, एकेकाकडे चार-पाच मुलं, महिन्यातून दोन कॉल, बाकी व्हॉट्सॲपवर. दिवाळीच्या आधी सगळे जाम उत्साहात होते, आता निम्मे मेंटॉर गायब आणि पोरं त्याहून गायब.

कॉलवर कोणी बोलतच नाही हो. कॅमेरा बंद, माइक बंद, काही डाउट आहेत का विचारलं की "नो मॅम". आणि कॉल संपतो न संपतो तोच त्यातल्याच एकाचा पर्सनल मेसेज, "मॅम रेफरल मिळेल का", सोबत रेझ्युमे, त्यात वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, हॉबीत लिसनिंग म्युझिक सगळं आहे, फक्त प्रोजेक्टमध्ये ह्या पठ्ठ्याने स्वतः काय केलं तेवढं नाही. रेफरलला, म्हणजे कंपनीत नाव सुचवायला, माझी ना नाही, पण इंटरव्ह्यूत त्याला काहीच आलं नाही तर पुढच्या वेळी एचआर माझा फोन तरी उचलेल का?

पोरं ढ नाहीत. सॉलिडवर्क्स (डिझाइनचं सॉफ्टवेअर) माझ्यापेक्षा फास्ट चालवतात. पण ड्रॉइंगवर २५ एच७ लिहिलंय (२५ मिमीचं भोक, एच७ म्हणजे त्याचा टॉलरन्स, मापात किती फरक चालेल ते), भोक किती ते किती चालेल म्हटलं की सगळे चिडीचूप (२५.००० ते २५.०२१ मिमी, टेबल बघून सांगितलं असतं तरी चाललं असतं). डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांपैकी एक-दोघांनी एमआयडीसीत मशीनवर काम केलंय, त्यांना हे नक्की येत असणार, पण इंग्रजीच्या धास्तीने तेच सगळ्यात गप्प, मी धडधडीत मराठीत बोलत असूनही.

कॉलेजला नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) रिपोर्टात अॅल्युम्नाय एंगेजमेंट दाखवायचंय, म्हणून दर कॉलचा स्क्रीनशॉट आणि अटेंडन्स मागतात, त्यामुळे पोरांना हे आणखी एक लेक्चरच वाटत असणार. आयआयटी बॉम्बेत माजी विद्यार्थ्यांशी संपर्काचा सेल मुलंच चालवतात, तसं छोट्या कॉलेजात कोणी जमवलंय का? आणि गायब मेंटॉरचं काय करायचं, सारखी आठवण करायची की सरळ नारळ द्यायचा?

प्रतिसाद : ताई, पहिलं म्हणजे ग्रुप कॉल बंद करा. चार जणांसमोर आपलं अज्ञान कोण उघडं करेल? "डाउट आहेत का" पण विचारू नका, ज्याने काही केलंच नाही त्याला डाउट कुठून येणार. एक ड्रॉइंग पाठवा आणि सांगा, ह्यातली कुठली मापं व्हर्निअरने घेशील, कुठली मायक्रोमीटरने, प्लग गेज (भोक तपासायचं गेज) कुठे लागेल, आणि का. उत्तर व्हॉइस नोटवर, मराठीत. आमच्याकडे ह्यानेच कोंडी फुटली. आणि "मॅम" बंद करून "ताई" म्हणायला लावा, फरक पडतो.

प्रतिसाद : रेफरलचं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाका, तीन कामं पूर्ण केल्याशिवाय विषय काढायचा नाही. नॅट्सच्या (सरकारची अप्रेंटिसशिप योजना) पोर्टलवर रजिस्टर कसं करायचं तेही दाखवा, डिग्रीनंतरच्या अप्रेंटिसशिपला तुमच्या रेफरलची गरज नाही. मेंटॉर कमी झाले तर होऊ देत, तिघं टिकली तरी पुष्कळ. स्क्रीनशॉटचं काम थर्ड इयरच्याच एखाद्या पोराच्या गळ्यात घाला, तुमची कटकट गेली.

धागाकर्ती : दोघांनाही थँक्यू, व्हॉइस नोटचं एकदम पटलं, ह्याच आठवड्यात करते. फक्त कंपनीचं ड्रॉइंग बाहेर देता येत नाही, त्यामुळे साधा बुश किंवा स्टेप्ड शाफ्ट मीच काढेन. कोणाकडे शिकवण्यापुरती तयार ड्रॉइंग्ज असतील, मापं आणि टॉलरन्स टाकलेली, तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि आमच्या गटात मुलगी एकच आहे, ती तर मेसेजलाही "ओके मॅम"च्या पुढे जात नाही, तिच्याशी वेगळं बोलावं का? की त्याने ती अजूनच अवघडेल?