'बंप स्टॉप'ला काय म्हणता तुम्ही? आणि रिबाउंडला 'उसळी' चालेल का?

गायमुखकर:
मंडळी, एका शब्दावर अडलोय. ठाण्यात आमचा जीपवाल्यांचा छोटा ग्रुप आहे, पावसाळ्यात मुरबाडच्या बाजूला चिखलात गाड्या घालतो. नवीन येणाऱ्या पोरांसाठी सस्पेन्शनवर चार पानं मराठीत लिहितोय. 'बंप स्टॉप'ला मी धक्कारोधक लिहिलं आणि वागळे इस्टेटमधल्या आमच्या मिस्त्रींना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "अहो, हे तर शॉकअप झालं. तुम्ही म्हणताय तो गुटका." आणि त्यांचं बरोबरच आहे, धक्का जिरवायचं काम शॉकअपचं (म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बरचं), गुटका आपला शेवटाला बसलेला, चाक पार वर आलं तर एक्सल चासीवर आदळू नये म्हणून. पण छापील मजकुरात 'गुटका' बरा दिसेल का? शिवाय रिबाउंडला (दाबलेला शॉकअप परत लांब होतो तो) उसळी आणि व्हॉल्व्हिंगला (शॉकअपच्या आतून तेल जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हचं काम) झडपरचना लिहिलंय, त्यावरही सांगा.

कोलशेतकर:
गुटका कशाला, सरळ ठोकळा म्हणा. आणि शॉकअप हा शब्द ना धड इंग्रजी ना धड मराठी, त्याऐवजी धक्काशोषक रुळवायला काय हरकत आहे? पिस्टनला दट्ट्या आपण शाळेत शिकलोच ना. महापौर हा शब्द सावरकरांनी दिला तेव्हा तोही नवाच होता. वापरला की रुळतो.

तुर्भेकर:
काका, दट्ट्या शाळेत शिकलो आणि तो शाळेतच राहिला. माझे वडील तुर्भ्यात ट्रकचे पाटे बदलायचं काम करायचे, मी लहानपणी त्यांना पाने हातात द्यायचो, तिथे ठोकळा म्हणजे जॅक लावताना चाकाखाली सरकवायचा लाकडाचा तुकडा. तो दबत नाही. गुटका रबराचा, तो दबतो, म्हणून दोन शब्द आहेत. आणि शॉकअप माझ्या आजीलाही कळायचा, मग तो मराठी नाही तर काय? बाहेरचं काढायचं ठरवलं तर कमान (पाट्यांची स्प्रिंग) पण काढावी लागेल, ती फारसीतून आलीये, धनुष्य या अर्थाची. जुन्या जीपला चारी चाकांवर कमानीच होत्या, त्यांना काय म्हणणार मग?

बेलापूरची:
दबतो हे तुर्भेकरांनी नेमकं पकडलं. साधं रबर दाबलं की बाजूला फुगतं, आणि तो मायक्रोसेल्युलर पॉलीयुरेथेनचा हलका गुटका येतो ना, त्यात हवेच्या बारीक बारीक पोकळ्या असतात त्यामुळे तो आतल्या आत आखडत जातो आणि जसा दबेल तसा कडक होतो. म्हणजे तो चाकाला एकदम थांबवत नाही, आवरतो. त्यामुळे 'रोधक' मला पटत नाही.

पण माझं खरं भांडण उसळीशी आहे. मी तांत्रिक भाषांतर करते आणि याच शब्दावर एकदा माझं अख्खं पान परत आलं होतं. उसळी म्हटलं की वाचणारा वर बघतो. रिबाउंडमध्ये चाक *खाली* जातं! खड्डा आला, चाक खाली उतरलं, शॉकअप लांब झाला, हा रिबाउंड. वर येते ती बॉडी, तीही चाक जमिनीला टेकलेलं असलं तरच.

गायमुखकर:
हे डोक्यातच आलं नव्हतं. मिस्त्री 'दाबताना' आणि 'सुटताना' म्हणतात, तेच घेऊ का? सुटताना कडक, दाबताना मऊ. वाचणाऱ्याला दिशा तरी चुकायची नाही.

येऊर पायथा:
सुटताना फार कडक केलं की काय होतं ते मी भोगलंय. घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात एकामागोमाग एक खड्डे होते, चाक एका धक्क्यातून परत खाली येतंय न येतंय तोच पुढचा धक्का, गाडी दर धक्क्याला बोटभर बसत गेली आणि शेवटी गुटक्यावरच टेकली. मला वाटलं गुटका खराब झाला म्हणून दोनदा नवीन टाकला. मग एकाने शॉकअपच्या दांड्याला केबल टाय बांधायला सांगितला, गाडी चालवून आल्यावर तो कुठवर सरकलाय बघायचं. पार टोकाला गेलेला! गुटक्याच्या बुडाला एक्सलने घासून चंद्रकोरीसारखा चकचकीत डाग पाडलेला, तोही तेव्हाच दिसला. आणि अजून एक लिहा, गाडी दोन इंच लिफ्ट करून, म्हणजे उंच करून, लांब शॉकअप टाकला तर तो बंद झाल्यावरही पहिल्यापेक्षा लांबच राहतो, मग गुटकाही तेवढा खाली आणावा लागतो, नाहीतर गुटक्याच्या आधी शॉकअपच आतून ठोकतो आणि सील जातं.

कोलशेतकर:
झडपेबद्दल कोणीच बोललं नाही. देवगडच्या आमच्या घरी खिडकीच्या फळीला आजी झडप म्हणायची. एका बाजूने उघडते, वारा उलटा आला की आपटून बंद. शॉकअपच्या दट्ट्यावर पातळ चकत्यांची चळत असते, तेलाचा जोर वाढला की त्यांच्या कडा वाकतात आणि तेल पलीकडे जातं, दुसऱ्या बाजूने जोर आला की बंद. हीच तर झडप. झडप घालणे पण त्यातलंच असणार, एकदम येऊन मिटणे.

तुर्भेकर:
चकत्या नाही काका, वायसर. पण झडप छान बसते हे मान्य.

बेलापूरची:
झडपेला माझीही ना नाही, पण झडपरचना नको. ती रचना नसून जुळणी आहे, चकत्या कमीजास्त करून झडप किती जोराला उघडेल ते ठरवायचं. 'झडपा लावून घेणे' म्हणा, तबला लावतात तसं. आणि व्हॉल्व्हिंगमध्ये 'हाय स्पीड' म्हणतात त्याला जास्त वेग लिहू नका, वाचणाऱ्याला हायवे वाटेल. तो वेग दट्ट्याचा. वीसच्या स्पीडला चाक दगडावर आपटलं तरी दट्ट्याचा वेग प्रचंड असतो.

येऊर पायथा:
मग दगडावर बसतो तो गचका की दणका? माझ्या मते गुटक्यावर टेकली की दणका, त्याच्या आधी सगळे गचके.

तुर्भेकर:
गचका बसणाऱ्याला, दणका गाडीला. वडील ड्रायव्हरला हेच विचारायचे, गचका लागतो का दणका ऐकू येतो? उत्तरावरून ठरायचं शॉकअप बघायचा का गुटका.

गायमुखकर:
वा, हे तर मी पहिल्याच पानावर घेतो. पण शनिवारी छापायला द्यायचंय हो, गुटका नक्की करू का?

कोलशेतकर:
आणि हिसका? तो राहिलाच की. आमच्याकडे बैलाने मानेने दिला तर हिसडा, गाडीने दिला तर हिसका. घाटावर दोन्हीला हिसकाच म्हणतात का?