शिवसागरावरच्या हौशी बोटीला महागडा पंखा बसवावा का?

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक सोळा फुटी फायबरची बोट घेतलेली आहे. परवान्याचे सोपस्कार पूर्ण करून ती बामणोलीच्या बाजूला एका गावच्या काठाला ठेवतो आणि पावसाळा सोडला, तर महिन्यातले दोन-तीन रविवार शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, फेरफटका होतो. तिच्या मागे ४० अश्वशक्तीचे चार स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बाहेर टांगलेले आउटबोर्ड इंजिन आहे. त्यावरचा तीन पात्यांचा, १३ इंच पिचचा ॲल्युमिनियमचा पंखा (प्रोपेलर) मुंबईच्या विक्रेत्याने इंजिनाबरोबरच दिला होता. गेल्या मे महिन्यात पाणी उतरलेले असताना तो एका बुडीत खोडाला लागला. दोन पात्यांच्या कडांना करवतीसारखे दातरे पडले असून, एका पात्याचे टोक मागच्या बाजूला वळले आहे.

आता नवा घ्यायचाच आहे, तर कोणता घ्यावा, यावर आमच्यात एकमत होत नाही. तसाच ॲल्युमिनियमचा पंखा मला १२ हजारांना मिळतो आहे आणि स्टेनलेस स्टीलचा ३५ हजारांना. तिघांतल्या एकाच्या मनात मात्र शॅरो या अमेरिकी कंपनीचा, पात्यांऐवजी वेटोळी असलेला पंखा भरला आहे. इंधनात मोठी बचत होते, असे त्याने व्हिडिओंमध्ये पाहिले आहे, आणि इंजिनावर एवढा खर्च केल्यावर पंख्यात हात आखडता का घ्यावा, असे त्याचे म्हणणे आहे. त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास ऐकून माझा तर आवाजच बसला.

माहितीसाठी आकडे देतो. बोटीत चौघे असताना पूर्ण थ्रॉटलला इंजिन मिनिटाला ४,७०० फेऱ्यांपर्यंत जाते आणि जीपीएसवर ताशी ३६ किलोमीटर वेग दिसतो. पंख्याला मार लागण्यापूर्वीचे हे आकडे आहेत. निवांत चालवताना तासाला सुमारे आठ लिटर पेट्रोल लागते.

पाते_आणि_पिच:

कोयनाकाठ साहेब, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या ४,७०० या आकड्यात आहे. या ताकदीच्या बहुतेक चार स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्या ५,००० ते ६,००० च्या दरम्यान असाव्यात, असे छापलेले असते. तुमची पुस्तिका उघडून खात्री करून घ्या. इंजिन तिथपर्यंत पोहोचत नसेल, तर पंखा त्याला जड होतो आहे, म्हणजे भरलेली गाडी चढावर चौथ्या गिअरमध्ये रेटण्यासारखा हा प्रकार आहे. अशा वेळी पंखा सोन्याचा बसवला, तरी इंजिन दमतच राहणार.

पिच म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाकडात स्क्रू फिरवल्यावर तो एका फेऱ्यात जितका आत जातो, तितके पंख्याचे पिच. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्षात बोट त्याहून कमी सरकते आणि ही तूट म्हणजेच स्लिप. तुमच्या इंजिनाचे गिअर गुणोत्तर २ धरले, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक, तर ४,७०० फेऱ्यांना पंखा मिनिटाला २,३५० वेळा फिरतो. त्याला १३ इंचांनी गुणले की ताशी ४६ किलोमीटरच्या थोडा वर वेग येतो. तुम्हाला मिळतात ३६, म्हणजे स्लिप सुमारे २३ टक्के झाली. अशा हलक्या, पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीला ती १० ते २० टक्क्यांत असावी.

आता मुंबईच्या विक्रेत्याने १३ पिच का दिले असेल, याचाही मला अंदाज येतो. समुद्रसपाटीवर ते कदाचित चाललेही असते. शिवसागराची पूर्ण भरलेली पातळी मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर उंचीवर आहे. हवा विरळ झाली की साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे तुमचे ४० अश्वशक्तीचे इंजिन बामणोलीला साडेसदतीसचे उरते आणि मे महिन्याच्या तापलेल्या हवेत आणखी थोडे उतरते. ज्यांच्या बोटी अलिबागला आहेत, त्यांचे सल्ले कोयनेला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळेच. पिच एका इंचाने कमी केले की फेऱ्या साधारण १५० ते २०० ने वाढतात. माझ्या मते तुम्हाला ११ पिच लागेल. धातू कोणता घ्यायचा, याचा विचार त्यानंतर करा.

बामणोलीकर:

आमच्या घरात दोन पिढ्यांचा लॉन्चचा व्यवसाय आहे आणि वासोट्याला जाणाऱ्या मंडळींची ने-आण करण्यातच माझे लहानपण गेले, म्हणून अनुभवाचे बोलतो. आपले धरण हा काही साधा तलाव नाही. पाण्याखाली जुन्या गावांचे बांध आहेत, ताली आहेत, झाडांची खोडे आहेत, आणि दिवाळीत ज्या वाटेने आपण बिनधास्त जातो, त्याच वाटेवर एप्रिलमध्ये खोड पाण्याच्या वीतभर खाली येऊन बसलेले असते. तुमचा पंखा ज्याला लागला, ते खोड कोणते, हे बहुधा मी जागेवर जाऊन दाखवू शकेन.

अशा पाण्यात स्टेनलेसबद्दल माझी हरकत अशी आहे की ते पाते सहसा वाकत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. ॲल्युमिनियमचे पाते वाकते, तुटते, पण धक्का स्वतः खाते. स्टेनलेसला लागलेला धक्का शाफ्टकडे आणि गिअरकडे जातो. पंख्याच्या गाभ्यात रबरी बुश असते आणि ते घसरून गिअर वाचवते हे खरे, पण दर वेळी वाचवतेच असे नाही. पंख्याचे १२ हजार गेलेले परवडतात, खालचा गिअरबॉक्स गेलेला परवडत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, ३५ हजारांचा एक पंखा घेण्यापेक्षा ॲल्युमिनियमचे दोन घ्या आणि दुसरा बोटीतच ठेवा. सोबत पाना, एक जादा नट, दोन-चार कॉटर पिना आणि लाकडाचा एक ठोकळा असू द्या. पाण्यात पंखा बदलताना आधी इंजिनाचा किल स्विच, म्हणजे काढला की इंजिन बंद पाडणारी दोरीची कळ, काढून खिशात घालावा, ठोकळा पात्यात आणि पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीत अडकवावा म्हणजे पंखा फिरत नाही, आणि नट सोडवताना खाली कुणाला तरी टॉवेल ताणून धरायला सांगावे. एकदा माझ्या हातून नट निसटला आणि पंखा हातात धरून आम्ही वल्ह्याने काठाला आलो. बोटीतले पाहुणे मात्र खूश होते, त्यांना तो सहलीचाच भाग वाटला.

आणखी एक गोष्ट आहे. पंखा काढलाच आहे, तर त्याच्या मागच्या वॉशरपाशी मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळला गेला आहे का, ते पाहा. तो दोरा सील कापतो, पाणी आत शिरते आणि गिअर ऑइल ताकासारखे पांढरे होते. आमच्या एका लॉन्चचे असेच झाले होते आणि आम्ही महिनाभर पंख्यालाच दोष देत बसलो होतो.

जमाखर्च:

मी पंख्यातला जाणकार नाही, पण हिशोब मांडून देतो. आठ महिने, महिन्याला सरासरी अडीच फेऱ्या आणि फेरीला अडीच तास धरले, तर वर्षाला ५० तास होतात. तासाला ८ लिटर म्हणजे ४०० लिटर पेट्रोल, आणि लिटरला १०५ रुपये धरले तर ४२ हजार रुपये. वेटोळ्यांच्या पंख्याने यातले १० टक्के वाचले, तर वर्षाला ४,२०० रुपये वाचतील. डॉलरला ८५ रुपये धरले, तर पाच हजार डॉलर म्हणजे आपले सव्वाचार लाख, त्यावर जकात आणि वाहतूक वेगळी. ती सोडून दिली, तरी पैसे फिटायला शंभर वर्षे लागतात. बचत २० टक्के धरा, तरी पन्नास वर्षे. तोपर्यंत बोट कुणाच्या नातवाच्या नावावर असेल, ते तुम्ही तिघांनी आत्ताच ठरवून घ्या.

हाच हिशोब बामणोलीकरांच्या लॉन्चला लावला, तर चित्र बदलते. हंगामात ६०० तास आणि तासाला १० लिटर धरले, तर इंधनाचा खर्च सहा लाखांच्या पुढे जातो आणि १० टक्के बचत म्हणजे ६३ हजार. म्हणजे सात वर्षांत पैसे फिटतात. तरी वर सांगितलेली खोडे सात वर्षे त्या पंख्याला हात लावणार नाहीत, असे गृहीत धरावे लागेल. किंमत वसूल होते ती इंजिनाच्या तासांतून. हौशी माणसाकडे नेमके तेच कमी असतात.

निवांत_पाणी:

जमाखर्च यांचा हिशोब बरोबर आहे, पण मला तो अपुरा वाटतो. हौसेची वस्तू आपण परतफेडीवर घेत नाही, नाही तर बोटच घेतली नसती. वेटोळ्यांच्या पंख्यामागची कल्पना खरोखर सुंदर आहे. साध्या पात्याच्या टोकाशी पुढच्या बाजूचे कमी दाबाचे आणि मागच्या बाजूचे जास्त दाबाचे पाणी एकमेकांत घुसून भोवरे तयार होतात आणि त्या भोवऱ्यांत ताकद वाया जाते. वेटोळ्याला मोकळे टोकच नसल्यामुळे ते भोवरे बरेच कमी होतात, थरथर आणि आवाजही उतरतो. याचा लाभ मुख्यतः मधल्या वेगात मिळतो, आणि निवांत फिरणारा माणूस बहुतेक वेळ त्याच वेगात असतो. धातूच्या अखंड ठोकळ्यातून संगणकीय यंत्रावर तो कोरून काढावा लागतो, त्यामुळे त्याची किंमत चढते. तेव्हा तुमच्या मित्राला अगदीच वेड्यात काढू नका.

तरीही तुमच्या जागी मी असतो, तर तो घेतला नसता. थरथर कमी करायची असेल, तर चार पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा हा मधला मार्ग आहे. त्याने सर्वोच्च वेग किंचित कमी होतो, पण बोट लवकर उचलते, वळणावर पाणी सोडत नाही आणि कमी वेगातही पाण्यावर टिकून राहते. माणसे जास्त असतील, तेव्हा त्याचा फरक अधिक जाणवतो.

आणि पंख्याला दोष देण्यापूर्वी बोटीचे बूड पाहा. सहा महिने पाण्यात राहिलेल्या बुडावर शेवाळाचा जो थर बसतो, तो महागड्या पंख्याने मिळवलेले सगळे खाऊन टाकतो. तळात साचलेले १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, म्हणजे तुम्ही दीड माणूस फुकट फिरवता आहात. इंजिनाची उंचीही तपासा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या बुडाच्या रेषेत असावी. इंजिन जास्त वर असेल, तर पंखा वरची हवा ओढतो आणि फेऱ्या एकदम चढतात, पण बोट पुढे जात नाही.

कृष्णेचा_घाट:

सांगलीहून लिहितो आहे. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, तेव्हा मी एका बचाव बोटीवर मदतीला होतो. तिथे वेगाला शून्य किंमत असते. गच्च भरलेली बोट प्रवाहाविरुद्ध रेटणारा कमी पिचचा पंखा लागतो, आणि जलपर्णी, कपडे, तारा अडकल्यावर तो चटकन साफ करता आला पाहिजे. आमच्याकडचा जादा पंखा दुसऱ्याच दिवशी लागला होता. तुमचा उपयोग वेगळा आहे, पण दोन पंखे बाळगण्याच्या सल्ल्याला माझे अनुमोदन आहे.

कोयनाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दीड महिना लागला, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, असे ठरवले होते.

पुस्तिकेत ५,००० ते ६,००० हाच पल्ला निघाला. ११ पिचचा तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा घेतला. बोट काठावर ओढून बूड घासले, तेव्हा बोटभर जाडीचे शेवाळ निघाले. मग त्याच चौघांना बसवून त्याच पट्ट्यात, एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा वाऱ्याच्या विरुद्ध अशी चाचणी घेतली. सरासरी ५,२०० फेऱ्या आणि ताशी साडेछत्तीस किलोमीटर. पाते_आणि_पिच यांच्या पद्धतीने गणित केले, तर स्लिप १६ टक्क्यांवर आली. वेगात जवळजवळ फरक नाही, पण पूर्वी बोट पाण्यावर उचलायला दोघांना पुढे सरकून बसावे लागत असे, ते आता करावे लागत नाही. यात पंख्याचा वाटा किती आणि शेवाळाचा किती, हे दोन्ही एकदम केल्यामुळे वेगळे काढता येत नाही, ही माझी चूक.

जुना पंखा सातारा एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करून, कडा घासून आणि पात्यांचा तोल साधून घेतला. तो आता जादा म्हणून बोटीत असतो. बामणोलीकर दादा, पंखा काढल्यावर वॉशरमागे हातभर नायलॉनचा दोरा निघाला, मात्र ऑइल अजून स्वच्छ होते. तुम्ही म्हणालात ते खोड एकदा येऊन दाखवा, त्याच्यावर एक लाल बोया बांधायचा आहे. आमच्या मित्राने वेटोळ्यांच्या पंख्याचा हट्ट अजून सोडलेला नाही, पण पैसे तिघांत वाटायचे नसून त्याने एकट्याने भरायचे, असे ठरल्यापासून तो विषय त्याने काढलेला नाही.